तिसरं शील कोणासाठी?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला, 'बौद्ध धम्म आणि लैंगिक नीती'. विषय ऐकून जरा दडपणच आलं. मी पालीची पंडित नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं कुटुंब सल्ला केंद्रात बसते. त्यामुळे मी व्याख्यान देणार नाही. मला एका बाईने विचारलेला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवणार आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना मला काय काय सापडलं ते सांगणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकजणींना पंचशील तोंडपाठ आहे. बारसं असो, लग्न असो, पुण्यानुमोदन असो, पंचशील घेतल्याशिवाय आपलं काही सुरू होत नाही. मी पाच-सहा वर्षांची असेन, तेव्हापासून विहारात सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायची. पहिल्या शीलाचा अर्थ कळायचा, हिंसा करू नये. दुसऱ्याचा कळायचा, चोरी करू नये. चौथ्याचा आणि पाचव्याचाही कळायचा. तिसऱ्याचा अर्थ विचारला की आई म्हणायची, 'मोठी झालीस की कळेल.' मोठी झाले, आणि कळलं ते असं : ओढणी नीट घे. खिडकीत उभी राहू नकोस. अंधार पडायच्या आत घरी ये. माझ्याच घरात माझ्याच वयाचा चुलतभाऊ होता, तोही तेच पंचशील म्हणत होता. पण त्याला मोठं झाल्यावर यातलं काहीच कळलं नाही, कारण त्याला कुणी काही सांगितलंच नाही.

म्हणजे पाच शीलांपैकी चार सगळ्यांची आणि एक बायकांचं, अशी वाटणी आपण न बोलता करून टाकली आहे. ही वाटणी धम्मात आहे का, हा आजचा मुद्दा.

आता तो प्रश्न. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी केंद्रावर नवीन होते. एका वस्तीतून निरोप आला की विहारात बैठक आहे, 'शिकलेल्या ताईंनी' यावं. गेले. समितीचे पाच पुरुष सतरंजीवर बसलेले, दोन वयस्क बायका भिंतीला टेकून, आणि मधोमध एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई मान खाली घालून. ती एका ऑफिसात साफसफाईच्या कामाला होती. एका रात्री पाऊस होता, बस नव्हती, म्हणून तिथल्या सुपरवायझरने तिला मोटारसायकलवरून वस्तीच्या कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं. नवऱ्याने ते पाहिलं. त्या रात्री तिला इतकं मारलं की दुसऱ्या दिवशी डोळा उघडत नव्हता. बैठक मारहाणीबद्दल असेल असं मला वाटलं होतं. बैठक त्या मोटारसायकलबद्दल होती.

समितीतले एक काका तिला म्हणाले, 'पोरी, तिसरं शील मोडलंस का नाही, एवढंच सांग.' ती नाही म्हणाली. नवरा म्हणाला, 'हिच्यावर माझा विश्वास नाही.' तासभर हेच चाललं. शेवटी कुणीतरी तोडगा काढला : तिने भगवंताच्या मूर्तीपुढे शपथ घ्यावी, नवऱ्याने तिला नांदवावी, विषय संपला. मला विचारलं, 'ताई, तुमचं काय मत?' आणि मैत्रिणींनो, मी हो म्हटलं. दोन लेकरं होती, माहेर लांब होतं, रात्री तिला ठेवायला कुठे जागा नव्हती. शिवाय पोलिसांकडे न जाता मिटतंय याचं मला बरंच वाटलं. तिने मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, शपथ घेतली. सगळे 'साधु, साधु' म्हणाले.

बाहेर चपला घालताना ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, 'ताई, माझी शपथ झाली. त्यांची कवा घ्यायची?'

मी विचारलं, 'त्यांची कसली?'

ती म्हणाली, 'मी नको म्हणलं तरी ऐकत नाहीत. पोरं जागी असतात बाजूला. रोजचंच हाये. ते शील न्हाई का?'

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ज्या धर्मात सीतेला अग्निदिव्य करावं लागलं तो सोडून आपण आलो, असं मी व्यासपीठावरून कितीदा तरी बोलले होते. आणि त्या संध्याकाळी विहारात मी स्वतः एका बाईला अग्निदिव्य करायला लावलं होतं.

त्यानंतर मी पुस्तकं उघडली. आधी त्या शीलाचे शब्दच पाहू. 'कामेसु' हे अनेकवचन आहे. काम म्हणजे इंद्रियांच्या सुखाच्या गोष्टी. 'मिच्छाचार' म्हणजे चुकीचं वागणं. 'वेरमणी' म्हणजे त्यापासून दूर राहणं. 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याची पायरी. आणि शेवटचं 'समादियामि', म्हणजे मी स्वतःहून स्वीकारते, किंवा स्वीकारतो. हे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. दुसऱ्याच्या वतीने शील घेता येत नाही, दुसऱ्यावर लादता येत नाही आणि दुसऱ्याची शिलं तपासत बसायचं काम कुणाला नेमून दिलेलं नाही. वर बसून आज्ञा करणारा, मोडली तर नरकात टाकणारा कोणी इथे नाही. मी माझ्या वागण्याला लावून घेतलेलं ते वळण आहे. त्या काकांनी 'तू शील मोडलंस का' असं विचारलं, तिथेच शीलाचं शील संपलं आणि त्याची जातपंचायत झाली.

आणि या शीलात कुठेही बाई-पुरुष असा भेद नाही. मराठीत आपण त्याचा अर्थ 'व्यभिचार' या एका शब्दात करतो. आता आपल्या समाजात 'व्यभिचारी' म्हटलं की कोण डोळ्यांपुढे येतं? 'व्यभिचारिणी' ही शिवी आहे, पुरुषासाठी तशी शिवीच नाही. शब्द बदलला आणि शीलाचं तोंड बाईकडे वळलं.

मग जुन्या ग्रंथांत या शीलाचं स्पष्टीकरण काय दिलंय? मज्झिम निकायातल्या सालेय्यक सुत्तात ते सविस्तर येतं, आणि ते पुरुषांना उद्देशून आहे. पुरुषाने कोणत्या स्त्रियांशी संबंध ठेवू नये, याची यादी आहे. जी आईच्या रक्षणाखाली आहे, वडिलांच्या, भावाच्या, बहिणीच्या, नातलगांच्या रक्षणाखाली आहे, जिला नवरा आहे, जिच्या बाबतीत दंड ठरलेला आहे, अगदी जिच्या गळ्यात वाग्दानाची माळ पडली आहे अशीसुद्धा.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक चांगली वाटली : बोट पुरुषाकडे आहे. 'बाई, तू सांभाळून राहा' असं नाही, 'पुरुषा, तू हात आवर' असं आहे. दुसरी गोष्ट टोचली : यादीतली प्रत्येक स्त्री कुणाच्या तरी ताब्यात आहे. तिला स्वतःला काय हवं, हा प्रश्नच यादीत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजात स्त्री अशीच कुणाची तरी होती, ही यादी त्या समाजाची आहे. हे आपण लपवू नये. आपल्या ग्रंथांत सगळं आधीच होतं, असं म्हणायची सवय दुसऱ्यांना आहे. ती आपण कशाला घ्यायची?

आणि हसू नका, कारण आपला कायदाही परवापरवापर्यंत याच यादीवर चालत होता. भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ आठवा. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवला तर त्या पुरुषाला शिक्षा. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! बायकोची तक्रार असेल तर तिला ती करायची सोयच नाही. १८६० सालचं हे कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं ते २७ सप्टेंबर २०१८ रोजी. बायको ही नवऱ्याची मालमत्ता नाही, हे मान्य व्हायला इतकी वर्षं लागली.

पण ग्रंथांत दुसरीही एक जागा आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. ती विनयात आहे, म्हणजे भिक्खू-भिक्खुणींच्या नियमांच्या ग्रंथात. उप्पलवण्णा ही बुद्धाच्या श्रेष्ठ भिक्खुणींपैकी एक. ती अंधवनात एकटी राहत होती. एका तरुणाने तिच्या कुटीत शिरून तिच्यावर बलात्कार केला. तिने ते इतर भिक्खुणींना सांगितलं. आता प्रश्न उभा राहिला, हिचं ब्रह्मचर्य भंगलं का? भिक्खुणीसाठी हा संघातून कायमचं बाहेर होण्याइतका मोठा दोष. बुद्धाचा निर्णय असा की तिचा कोणताही दोष नाही, कारण तिने ते स्वीकारलेलं नव्हतं, तिची त्याला संमती नव्हती. तिथे निर्णय संमतीवर झाला. शरीराचं काय झालं यावर झाला नाही. आपल्याकडच्या योनिशुचितेच्या कल्पनेला इथे थाराच नाही.

विनयातच आणखी एक नियम आहे. ज्याने भिक्खुणीवर अत्याचार केला आहे त्याला संघात दीक्षा द्यायची नाही, आणि चुकून दिली गेली असेल तर त्याला काढून टाकायचं. म्हणजे तिची जागा आत, त्याची बाहेर. आपल्या वस्तीत, आपल्या मंडळात, आपल्या संघटनेत नेमकं उलटं घडताना आपण किती वेळा पाहिलंय! ती तोंड लपवून मावशीकडे जाते आणि तो पुढच्या जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन फिरत असतो.

मला इथे मथुरा प्रकरण आठवतं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने ती संबंधांना सरावलेली आहे असं म्हणून आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही. गप्प राहणं म्हणजे होकार असं धरलं गेलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. उप्पलवण्णेच्या बाबतीत जे जुन्या काळात विचारलं गेलं, 'तिने स्वीकारलं होतं का?', ते विसाव्या शतकातल्या न्यायालयाला नीट विचारता आलं नाही.

पण याही गोष्टीचं शेपूट सांगायला हवं. भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असा नियमही विनयात आहे, आणि तो अशाच धोक्यांच्या पार्श्वभूमीवर सांगितला जातो. बघा, दोष तिला दिला नाही, पण वाट तिचीच बंद झाली. भिक्खू अरण्यात ध्यान करू शकतात, भिक्खुणी नाही. मुलीची छेड काढली की तिचीच शाळा बंद होते, ते आपल्याला नवं नाही. म्हणून मी म्हणते, ग्रंथ वाचताना कुठे टाळी द्यायची आणि कुठे बोट ठेवायचं, दोन्ही आपल्याला आलं पाहिजे.

आता नवरा-बायकोबद्दल. गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्त आहे. त्यात पतीची पाच कर्तव्यं सांगितली आहेत : पत्नीचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी प्रतारणा करू नये, घरातला अधिकार तिच्याकडे द्यावा, दागदागिने द्यावेत. पत्नीचीही पाच आहेत. त्यात तिने प्रतारणा करू नये हेही आहे. दोघांसाठी एकच शब्द, एकच मोजमाप. एकाला रान मोकळं आणि एकीला दावं, असं नाही. मान राखणं आणि अपमान न करणं यात मारहाण बसत नाही हे सांगायला पंडित लागत नाही. आणि तिच्या 'नको'ला न जुमानणं म्हणजे मान राखणं, असं कोण म्हणेल?

पण लग्नं लावताना आपल्याकडे वाचलं काय जातं? सिगालोवाद वाचतात, तोही बायकोचा भाग मोठ्याने आणि नवऱ्याचा भाग भरभर. काही ठिकाणी सुजातेची गोष्ट सांगतात. अनाथपिंडिकाची ही सून फार तोऱ्यात वागायची, तेव्हा बुद्धाने तिला सात प्रकारच्या बायका सांगितल्या, आणि तिने मी दासीसारखी होईन असं म्हटलं. त्याच सात प्रकारांत मैत्रिणीसारखी पत्नीही आहे, बहिणीसारखी आहे, आईसारखी आहे. ते राहतं बाजूला आणि नव्या नवरीला दासी व्हायचा उपदेश होतो. आणि बाबासाहेबांनी तर २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बायकांना नेमकं उलट सांगितलं होतं : नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीने उभ्या राहा, गुलाम होऊ नका. ज्यांचा फोटो मांडून आपण लग्न लावतो, त्यांचं तरी ऐकूया.

कायद्याचं म्हणाल तर लग्नातल्या जबरदस्तीला तो अजून बलात्कार म्हणायला तयार झालेला नाही. पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही, हा जुना अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसाच ठेवला गेला. मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ ही हिंसा मानली आहे, आणि त्याखाली संरक्षण मागता येतं. हे वस्तीत सांगत चला. पण धम्माला कायद्याची वाट बघायचं कारण नाही. कायदा जिथवर पोचत नाही तिथेही शील पोचतं, म्हणून तर ते शील.

आता सगळ्यात अवघड भाग. आपण दलित बायका. आपल्या चारित्र्यावर बोट ठेवणं हे जातीचं फार जुनं हत्यार आहे. देवदासी, मुरळी, जोगतीण म्हणून सोडल्या गेल्या त्या कुणाच्या लेकी? आणि त्यांना वापरून वर 'ह्यांच्या बायका तसल्याच' असं म्हणणारे कोण? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हाही त्या घरातल्या बाईबद्दल अनैतिक संबंधांची कुजबूज पसरवली गेली. जमिनीचा आणि जातीचा राग. पण तोंडावर नाव नीतीचं.

जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळी, जोगतिणींच्या सभेत भाषण केलं. हे जिणं सोडा, असं त्यांनी कळकळीने आणि कठोरपणे सांगितलं. आज ते वाचताना माझ्या मनात दोन्ही येतं. जातीने आणि देवाने मिळून बायकांवर लादलेली गुलामगिरी तोडा, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के आपलं. पण समाजाच्या अब्रूचं ओझं पुन्हा बाईच्याच डोक्यावर आलं का, हा प्रश्नही आपला. तो विचारल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. प्रश्न विचारायला त्यांनीच शिकवलं.

आम्रपालीची गोष्ट मात्र इथे आठवावी. ती वैशालीची गणिका. तिने बुद्धाला संघासह जेवायला बोलावलं आणि बुद्धाने होकार दिला. वैशालीचे लिच्छवी सरदार मागून आले, त्यांनाही तोच मान हवा होता. आधी शब्द तिला दिला आहे, असं सांगून बुद्धाने त्यांना परत पाठवलं. जेवायच्या आधी तिला 'तू कोण, काय करतेस, शपथ घे' असं विचारलं नाही. तिने आपली आमराई संघाला दिली, पुढे भिक्खुणी झाली, आणि थेरीगाथेत तिच्या नावाने गाथा आहेत. आपल्या विहाराच्या पायरीवर एखादी नवऱ्याने टाकलेली, एखादी बारमध्ये काम करणारी, एखादी दुसरेपणावर राहिलेली आली तर आपण काय करतो? खरं सांगा. भोजनदानाला तिच्या हातचं घेतो का?

जातीच्या या हत्यारामुळेच आपण गप्प बसतो. ही गोष्ट माझ्या मनात अनेक वर्षं होती. पण इथे बोलले तर बाहेरचे म्हणतील, 'बघा, यांच्यातही तेच.' समाजाची बदनामी होईल म्हणून मी तोंड शिवून घेतलं. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं आणि आपल्या माणसांनी आपल्या बायकांना काय काय केलं तेही त्यात लिहिलं. त्या बाईने चळवळीवर जीव ओवाळला होता, तरी लिहिलं. मग मी कोणाची बदनामी वाचवत होते? त्या बाईचा डोळा सुजला होता तेव्हा समाजाची अब्रू शाबूत होती का?

तर मग तिसरं शील आज कसं समजून घ्यायचं? १९३६ च्याच 'जातिप्रथेचं निर्मूलन' या आपल्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितला आहे. नियम सांगतो, हे कर, ते करू नको. तत्त्व विचार करायला लावतं, आणि जबाबदारी आपल्यावर टाकतं. धर्म तत्त्वांचा असावा, नियमांचा नको, हे त्यांचं म्हणणं. तिसऱ्या शीलाचा आपण नियम करून टाकला, तोही एकाच बाजूला लागू होणारा. त्याचं तत्त्व परत शोधलं पाहिजे.

ते शोधायची रीत बुद्धानेच सांगितली आहे, स्वतःच्या मुलाला, राहुलला. आरसा कशासाठी असतो, असं त्याने राहुलला विचारलं. बघण्यासाठी, असं राहुल म्हणाला. तसंच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघ : यात मला दुःख आहे का, दुसऱ्याला आहे का, दोघांना आहे का? आता हा आरसा शरीरसंबंधांपुढे धरा. तिची किंवा त्याची मनापासून तयारी आहे का, की भीतीने, कर्जाने, उपकाराने, मालकीने गप्प आहे? यात कुणाची फसवणूक आहे का? जो दुबळा आहे, लहान आहे, माझ्यावर अवलंबून आहे, त्याचा मी फायदा घेतोय का? हे प्रश्न विचारले की नवऱ्याची रोजची जबरदस्ती सरळ मिथ्याचारात बसते. लेकीच्या वयाच्या मुलीचं लग्न ठरवणं बसतं. कामावरच्या मुकादमाची लगट बसते. कार्यकर्त्याने संघटनेतल्या नव्या मुलीला 'चळवळीसाठी' म्हणून नादी लावणं बसतं. आणि दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं प्रेम, मग ते जातीबाहेरचं असो की दोन बायकांचं, त्यात कुणाची फसवणूक नसेल तर ते बसत नाही. पाली सुत्तातल्या त्या यादीतही समलिंगी प्रेमाचा उल्लेख नाही. आपण तो आपल्या भीतीने घुसवतो.

कुणी विचारेल, मग निष्ठेचं काय? निष्ठा आहेच. विश्वास देऊन तो मोडणं हे दुःख देणंच आहे. पण ती दोघांनी एकमेकांना द्यायची असते. एकाने दुसऱ्यावर पहारा ठेवणं म्हणजे निष्ठा नाही.

आता कामाचं बोलू. शिबिरातून उठून जाताना चार गोष्टी बरोबर न्या.

एक, आपापल्या विहारात, महिला मंडळात महिन्यातून एकदा वंदनेनंतर एकेका शीलावर चर्चा ठेवा. तिसऱ्या शीलाच्या दिवशी पुरुषांना मुद्दाम बोलवा, आणि त्यांनाच आधी बोलायला लावा.

दोन, बाईची तक्रार आली, किंवा बाईबद्दल तक्रार आली, तर ती कधीही भर बैठकीत ऐकायची नाही. आधी तिच्याशी एकटीशी बोलायचं, तेही बाईनेच. मारहाण असेल तर प्रथम डॉक्टर, मग संरक्षण अधिकारी किंवा पोलीस, मग बाकीचं.

तीन, कुणालाही मूर्तीपुढे चारित्र्याची शपथ घ्यायला लावायची नाही. माझ्यासारखी चूक करू नका.

चार, लग्नात सिगालोवाद वाचायचा तर नवऱ्याची पाच कर्तव्यं आधी वाचायची. सावकाश वाचायची.

त्या बाईचं पुढे काय झालं, ते तुम्ही विचाराल. शपथेनंतर नवऱ्याने तिला महिना-दीड महिना बरं नांदवलं. मग पुन्हा तेच. आठ महिन्यांनी ती लेकरं घेऊन केंद्रावर आली. या वेळी मी समितीला विचारलं नाही. आम्ही कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला. तारखांवर तारखा पडल्या. आज ती वेगळी खोली घेऊन राहते, तीन घरी स्वयंपाकाची कामं करते. अजून ओढाताण आहे, पोराची फी थकते. वस्तीत तिच्याबद्दल अजून बोललं जातं. तो पौर्णिमेला पहिल्या रांगेत बसून पंचशील म्हणतो. समितीतल्या त्या दोन वयस्क बायकांपैकी एक आजी मात्र मागच्या वर्षी बैठकीत उठून म्हणाल्या, 'त्या दिशी मी गप बसले, ते चुकलं.' एवढंच. पण त्या विहारात त्यानंतर कुणाला शपथ घ्यायला लावलेली नाही.

'त्यांची कवा घ्यायची?' या प्रश्नाचं उत्तर मला आता असं सुचतं : शपथ कुणाचीच घ्यायची नाही. पण शील दोघांनी घ्यायचं, आणि ज्याच्या हातात जास्त बळ आहे त्याने आधी घ्यायचं. हे मी तिला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, 'ताई, हे त्या दिशी सांगायचं हुतं.'

खरंच, त्या दिवशी सांगायला हवं होतं. तुमच्यापुढे अशी कुणी येईल, तेव्हा तुम्ही त्याच दिवशी सांगा.

जय भीम. जिंदाबाद.